रंग बाधतो तेव्हा

डोंबिवलीत रंगाचा विषय निघाला की बोलणं एमआयडीसीवर जातं. जानेवारी २०१४ मधला हिरवा पाऊस, फेब्रुवारी २०२० मध्ये गुलाबी झालेला रस्ता, तो पाहायला आलेले तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे, मग नोटिसा आणि कारखाने पाताळगंगेला हलवायची चर्चा, हे सगळं इथल्या माणसाला पाठ आहे. त्या संतापात खोटं काही नाही. पण रंगामुळे अंगावर उठणं, डोळे सुजणं, दम लागणं या तक्रारींचा हिशेब मांडायला बसलं, तर रस्त्यावरचा गुलाबी रंग यादीत फार खाली जातो. वर येते ती किराणा दुकानात दोरीला टांगलेली काळ्या मेंदीची पुडी.

या पट्ट्याचं रंगांशी नातं जुनं आहे. ठाण्याच्या कोलशेत रस्त्यावर कलर-केम आणि सॅण्डोज, कल्याणात इंडियन डायस्टफ आणि अमर डाय-केम, डोंबिवलीच्या दोन्ही फेजमध्ये कापड रंगवणारे आणि रंगांचा कच्चा माल बनवणारे लहान-मोठे कारखाने. कोलशेतला आता टॉवर उभे आहेत. कित्येक घरांनी रंगाच्या पगारावर मुलं शिकवली. या कामगारांना होणारा त्रास वेगळाच. सुती कापडावर पक्का बसणाऱ्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांची पूड तोलताना ती श्वासावाटे आत जाते आणि काहींना त्यातून दमा जडतो. जो रंग सुताला घट्ट चिकटावा म्हणून बनवलाय, तो शरीरातल्या प्रथिनांनाही तसाच चिकटतो. रसायनांच्या संपर्काने होणारा त्वचेचा दाह कायद्याने कळवायच्या आजारांच्या यादीत आहे. म्हणजे तो कारखान्याने आणि डॉक्टरने सरकारला कळवायचा आजार आहे. कंत्राटावरचा माणूस मात्र हात फुटले की खोबरेल लावतो आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर येतो.

पुढे जाण्याआधी एक फरक लक्षात ठेवावा लागेल, कारण रंगाच्या अ‍ॅलर्जीबद्दलचे निम्मे गैरसमज तो न केल्याने होतात. एक त्रास मिनिटांत किंवा तास-दोन तासांत येतो. अंगावर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, क्वचित घसा आवळतो. आपण म्हणतो, पित्त उठलं. घरात आमसुलाचं पाणी लावलं जातं आणि बहुतेकदा गांधी आपोआप ओसरतात. दुसरा त्रास सावकाश येतो, दिवस-दोन दिवसांनी. त्यात इसब होतं, कातडी लाल होऊन लसावते, सालपटं निघतात. पहिल्याच्या मागे रक्तातली प्रतिपिंडं किंवा नुसतं हिस्टामिन असतं, दुसऱ्याच्या मागे एकदा ओळख पटली की न विसरणाऱ्या पेशी. खाण्यातला आणि औषधातला रंग बाधलाच तर सहसा पहिल्या तऱ्हेने बाधतो. केसांचा डाय आणि कुंकू बाधतात ते दुसऱ्या.

आता पुडीकडे. काळ्या डायमधला मुख्य घटक पॅराफेनिलिनडायमिन, म्हणजे पीपीडी. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हॉफमान यांनी १८६३ मध्ये त्याची नोंद केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जगभरच्या पिकल्या केसांचा भार त्याच्यावर आहे. पीपीडी स्वतः काळा नसतो. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा तसलं काही मिसळलं की ऑक्सिडेशन होत होत केसाच्या आत काळा रंग तयार होतो. पूर्ण तयार झालेला काळा रंग फारसा त्रास देत नाही. मधल्या अवस्थेतले रेणू लहान आणि चळवळे असतात, ते टाळूच्या कातडीत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात. अर्धकच्चा सुरण घशाला खाजतो, शिजलेला खाजत नाही, त्यातलाच हा प्रकार.

साधारण क्रम असा असतो. रविवारी सकाळी डाय लावला. संध्याकाळी कानामागे थोडी खाज. सोमवारी ऑफिसात टाळू चुरचुरते, माणूस शाम्पूला दोष देतो. मंगळवारी सकाळी उठावं तर पापण्या सुजून डोळे उघडत नाहीत, कपाळाच्या कडेने आणि कानांच्या पाळ्यांवर लस येते. खुद्द टाळूपेक्षा कपाळ, कान, मान आणि पापण्या जास्त सोसतात, कारण टाळूची कातडी जाड आणि पापणीची सर्वांत पातळ. म्हणून रुग्ण आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पोचतो. आणि विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘वीस वर्षं हाच लावतोय, कधी काही झालं नाही.’ हेच तर खरं दुखणं. ही अ‍ॅलर्जी पहिल्या दिवशी नसते, वापरता वापरता घडते. एकदा घडली की जन्मभर राहते.

कायद्याने यावर एक इशारा छापायला लावलाय आणि त्या इशाऱ्याची कथा रंजक आहे. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्यांचा रंग निघाला. त्यात याच जातीचं रसायन होतं. काही बायकांची दृष्टी गेली, एकीचा जीव गेला, आणि सरकारला तो माल बाजारातून उचलायचा अधिकारच नव्हता. १९३८ च्या कायद्याने तो अधिकार आला, पण केसांच्या डायना सवलत मिळाली. खोक्यावर सावधगिरीची सूचना छापा, आधी चाचणी करायला सांगा, भुवया-पापण्यांना लावू नका असं बजावा, मग विका. आपल्या औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांत ती सूचना जवळजवळ त्याच शब्दांत आली. ती इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापायची, सोबत चाचणीची रीत द्यायची: कानामागे किंवा कोपरापुढच्या हाताच्या आतल्या बाजूला थोडा कालवलेला रंग लावा, चोवीस तास थांबा, आणि हे प्रत्येक वेळी करा.

प्रत्येक वेळी! रामनगरातल्या किंवा नौपाड्यातल्या सलूनमध्ये रविवारी खुर्चीसाठी रांग लागलेली असते. तिथे कारागीर कुणाच्या कानामागे ठिपका लावून ‘उद्या या’ म्हणेल, ही कल्पनाच विनोदी आहे. शिवाय चोवीस तास हा अवधीही मला अपुरा वाटतो. पीपीडीची प्रतिक्रिया कित्येकांत दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी दिसते, युरोपातल्या खोक्यांवर ४८ तास आधी चाचणी करा असं लिहिलेलं असतं. आपल्या नियमाप्रमाणे चालणाऱ्या प्रामाणिक माणसालाही चोवीस तासांत काही दिसलं नाही म्हणून तो निर्धास्त होईल आणि मंगळवारी डोळे सुजवून बसेल.

‘अमोनिया-फ्री’ हा शब्द तर निव्वळ दिशाभूल करतो. अमोनियाचा वास जातो, पीपीडी तसाच राहतो. ‘हर्बल’ आणि ‘आयुर्वेदिक’चंही तेच, पुढच्या बाजूला मेंदीची पानं आणि आवळ्याचं चित्र, मागे बारीक अक्षरांत पीपीडी. खरी मेंदी बाधणं दुर्मीळ आहे. तिच्यातल्या लॉसोनने केस नारिंगी-तांबडे होतात, काळे नव्हे. मेंदीनंतर निळीच्या पानांची पूड लावून काळसर रंग आणता येतो, पण त्याला वेळ आणि चिकाटी लागते. तासाभरात काळेभोर करणाऱ्या पुडीत मेंदीपेक्षा बरंच काही असतं. लग्नसराईत हातावर काढायचे ‘काळ्या मेंदी’चे कोन याच कारणाने टाळावेत, विशेषतः लहान मुलींच्या हातांवर. आठव्या वर्षी कोनाने घडलेली अ‍ॅलर्जी चाळिशीत पहिला डाय लावल्यावर फणा काढते.

आणखी एक परिणाम आपल्याकडच्या सावळ्या कातडीत दिसतो आणि तो डायच्या खात्यावर लिहिलाच जात नाही. खाज नाही, लाली नाही, फक्त कपाळ, कानशिलं आणि गाल हळूहळू राखाडी-काळे पडत जातात. बाई म्हणते वांग आले. औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड मिसळलेलं गोरेपणाचं क्रीम येतं, चार दिवस बरं वाटतं, मग कातडी पातळ होते आणि काळेपणा वाढतो. दर महिन्याचा डाय चालूच असतो. कारण बंद न करता चाललेला हा उपचार कित्येकींचा वर्षानुवर्षं चालतो.

पीपीडीची अ‍ॅलर्जी नक्की झाल्यावर टाळायच्या गोष्टींची यादी लांबते. घसा किंवा तोंड बधिर करणाऱ्या काही गोळ्या-मलमांतलं बेन्झोकेन, सल्फाची काही औषधं, गडद रंगांच्या सिंथेटिक कापडातले काही रंग, काळं रबर यांच्याशी त्याचे चुलत नातेसंबंध आहेत. सगळ्यांना सगळं बाधत नाही, पण दाताच्या डॉक्टरला सांगून ठेवावं. ते सहसा वापरतात ते लिग्नोकेन वेगळ्या कुळातलं आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. सलूनमधल्या कारागिराला मात्र हा प्रश्न पोटाचा आहे. ओल्या हाताने दिवसभर डाय कालवून बोटांना इसब होतं. डायच्या खोक्यातले पातळ प्लास्टिकचे हातमोजे दुसऱ्या गिऱ्हाइकाला फाटतात. नायट्राइलचे मोजे मिळतात, पण ते मालकाने आणायचे असतात.

कुंकवाकडे वळायचं ते अशासाठी की तिथे तसेच सावकाश बाधणारे रंग कपाळावर रोज बसतात. पूर्वी हळदीवर चुना, लिंबू, तुरटी, टाकणखार यांचा संस्कार करून कुंकू होत असे. सोलापूर जिल्ह्यातलं केम गाव आजही कुंकवासाठी ओळखलं जातं. बाजारातल्या स्वस्त कुंकवात रंग भरायला काय येतं हे १९८० च्या दशकात सिंगापूर-जपानच्या त्वचातज्ज्ञांनी तपासलं, तेव्हा ब्रिलियंट लेक रेड आर आणि सुदान-१ असे औद्योगिक रंग अ‍ॅलर्जीचं कारण म्हणून पुढे आले. कपाळाच्या मधोमध काळा-राखाडी डाग ही त्याची खूण. टिकलीचं दुखणं निराळं. तिथे गुन्हेगार रंग नसून चिकटवायचा गोंद. त्यातल्या पॅरा-टर्शियरी-ब्यूटिल-फिनॉलने कातडीचा रंगच जातो आणि कोड उठल्यासारखा पांढरा ठिपका उरतो. अलाहाबादच्या त्वचातज्ज्ञांनी १९९० मध्ये हे दाखवून दिलं. सवाष्ण बाईच्या कपाळावर पांढरा डाग म्हणजे सासरी काय काय बोललं जातं, ते वेगळं सांगायला नको. गोंद सोडून मेणावर चांगलं कुंकू लावलं तर पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

सुदान-१ हेच नाव खाण्यातही भेटतं. २००३ मध्ये भारतातून गेलेल्या लाल मिरचीपुडीत तो युरोपात सापडला आणि २००५ मध्ये त्याच्यापायी ब्रिटनमध्ये चारशेहून जास्त पदार्थ दुकानांतून मागे घ्यावे लागले. ती भीती कर्करोगाची होती, अ‍ॅलर्जीची नव्हे. खाण्याच्या रंगांबाबत हा घोळ सतत होतो. विषारीपणा, मुलांचा चळवळेपणा आणि अ‍ॅलर्जी या तीन वेगळ्या गोष्टी एकाच व्हॉट्सअ‍ॅप निरोपात कोंबलेल्या असतात. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने एरिथ्रोसिनची, त्यांच्या ‘रेड नंबर ३’ची, खाण्यातली परवानगी काढली, तीही उंदरांतल्या गाठींवरून. २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला साउथहॅम्प्टनचा अभ्यास मुलांच्या वागण्याबद्दल होता. त्यावरून युरोपात २०१० पासून सहा रंगांच्या पाकिटांवर इशारा छापला जातो.

अ‍ॅलर्जीचं बोलायचं तर प्रसिद्ध नाव टार्ट्राझिनचं. लिंबासारखा पिवळा, १८८४ मध्ये बनलेला, पाकिटावर आयएनएस १०२. १९५९ मध्ये लॉकी या अमेरिकी डॉक्टरने औषधातल्या टार्ट्राझिनमुळे गांधी उठल्याचं नोंदवलं आणि मग काही वर्षं हा रंग दमेकऱ्यांचा शत्रू ठरला. अ‍ॅस्पिरिन ज्यांना बाधतं त्यांना हाही बाधतो, असं ठाम सांगितलं जाई. पुढे रुग्णाला आणि डॉक्टरलाही न कळता रंगाची किंवा रिकामी कॅप्सूल देऊन प्रयोग झाले, तेव्हा आकडा फार खाली आला. अमेरिकेच्या एफडीएचा अंदाज दहा हजारांत एकापेक्षा कमी लोकांना गांधी उठतात असा आहे. असतात ते रुग्ण खरेच असतात, पण शेजारच्या प्रत्येक मुलाला ‘फूड कलरची अ‍ॅलर्जी’ नसते.

मग फडके रोडवर बाहेरचं खाऊन घरी आल्यावर अंगावर गांधी उठल्या, त्या कशाने? कोळंबी, सोया, शेंगदाणा, अंडं यांची शक्यता रंगापेक्षा कितीतरी जास्त. आणि बर्फाशिवाय राहिलेला बांगडा किंवा तारली. या माशांत जिवाणूंमुळे हिस्टामिन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल, गांधी, डोकेदुखी, हुबेहूब अ‍ॅलर्जी. दोष जातो तंदुरी मसाल्याच्या लाल रंगाला. ‘नैसर्गिक रंग’ ही पाटीही अभयवचन नाही. किड्यांपासून काढलेला कार्माइन आणि शेंदरीच्या बियांचा अ‍ॅनाटो यांनी जीवघेण्या प्रतिक्रिया झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे, कारण त्यांच्यात मूळ जीवाची थोडी प्रथिनं शिल्लक राहतात आणि शरीर भांडतं ते मुख्यतः प्रथिनांशी.

तरीही चायनीजच्या गाडीला मी सोडणार नाही. आपल्याकडे खाण्यात आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीही ठरावीक पदार्थांत, आणि सर्वसाधारण मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅमची. मंचुरियन, शेजवान भात किंवा कबाब त्या यादीत येत नाहीत. कर्नाटकने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल यांतल्या घातक रंगांवर बंदी आणली आणि जूनमध्ये कबाबांवरही, त्याआधी तमिळनाडूने बुढ्ढी के बालात कापडाचा रोडामिन-बी सापडल्यावर तेच केलं. कल्याण स्टेशनबाहेरच्या गाडीवर संध्याकाळी सातला कढईत पडणारा लाल चमचा मोजून पडत नाही आणि डब्यावरचं नाव गिऱ्हाइकाला दिसत नाही. जिलेबीत आणि सुट्या हळदीत मेटॅनिल यलो मिसळण्याचीही जुनी खोड आहे. बंद पाकिटावर निदान रंगाचा क्रमांक असतो. सुट्या मिठाईच्या ताटापाशी २०२० पासून ‘बेस्ट बिफोर’ची तारीख आली, रंगाचं नाव आलं नाही. अ‍ॅलर्जीच्या माणसाला तारखेइतकंच ते नाव हवं असतं. नाव कळलं तर तो स्वतःला सांभाळतो, न कळलं तर सगळ्याच पिवळ्याला भीत बसतो.

नावाच्या बाबतीत औषधांची पट्टी मिठाईवाल्यापेक्षा सरस आहे. औषध नियमांतल्या नियम १२७ प्रमाणे औषधात कोणते रंग चालतात ते ठरलेलं आहे आणि वापरलेल्या रंगाचं नाव लेबलवर द्यावं लागतं. घरातली कुठलीही रंगीत गोळी घ्या, घटकांच्या खाली इवल्या अक्षरांत ‘कलर: टार्ट्राझिन’, ‘सनसेट यलो’ किंवा ‘टायटेनियम डायऑक्साइड’ असं सापडेल. कॅप्सूल मात्र निसटतात, त्यांच्यावर ‘कॅप्सूलच्या कवचात मान्यताप्राप्त रंग’ एवढंच मोघम लिहिलं की भागतं. गोळी बाधली तर दोष बहुतेकदा औषधाचाच असतो, वेदनाशामकं आणि प्रतिजैविकं त्यात आघाडीवर. पण एकाच औषधाची एका कंपनीची गोळी बाधते आणि दुसरीची पचते असं झालं, तर रंगाची ओळ पाहावी. जेनेरिकच्या दुकानात दर महिन्याला कंपनी बदलते, गोळी कधी गुलाबी, कधी पांढरी. तेव्हा बाधलेल्या पट्टीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवावा. पट्टी कापून चार गोळ्या घेतल्या तर नेमका तो तुकडा दुकानातच राहतो, म्हणून अख्खी पट्टी मागावी. आणि गोळीनंतर आवाज बसला, घसा आवळला किंवा श्वास अडकला तर फोटो-बिटो राहू द्या, सरळ हॉस्पिटल गाठा.

हॉस्पिटलातही रंग भेटतात. मधुमेह्यांच्या डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीत शिरेतून फ्लुरोसिन देतात. कातडी काही तास पिवळी दिसते, लघवी नारिंगी होते, थोडी मळमळ होते, हे सगळं अपेक्षित आहे. खरी तीव्र प्रतिक्रिया क्वचित येते. स्तनाच्या कर्करोगात काखेतली पहिली गाठ शोधायला निळा रंग टोचतात, त्यातल्या आयसोसल्फान ब्लूने शेकडा एक-दोन जणांना अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि भूलतज्ज्ञ त्या तयारीनेच उभा असतो. सीटी स्कॅन आणि अँजिओग्राफीला ज्याला आपण ‘डाय’ म्हणतो, तो रंगच नसतो, पाण्यासारखं आयोडीनयुक्त द्रव्य असतं. आगरी-कोळी घरांतून हमखास प्रश्न येतो की मासे बाधतात, मग डाय कसा चालेल? आयोडीनचा तर्क लावून काही ठिकाणी कर्मचारीही हे विचारत असत. माशांची अ‍ॅलर्जी त्यातल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नव्हे. केसांचा डाय बाधतो म्हणूनही हा डाय टाळायचं कारण नाही. पूर्वी याच द्रव्याने त्रास झाला होता का, दमा आहे का, मूत्रपिंडं कशी आहेत, हे प्रश्न कामाचे.

राहता राहिली तपासणी. केसांच्या डायसाठी आणि कुंकवासाठी पॅच टेस्ट हाच मार्ग. भारतीय त्वचातज्ज्ञांनी आपल्याकडच्या पदार्थांची एक प्रमाण मालिका ठरवलेली आहे, तिच्यात पीपीडी असतो. पाठीवर छोट्या वाट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून पाहतात आणि चौथ्या दिवसाच्या आसपास पुन्हा. मधल्या काळात पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. मे महिन्यात ठाण्यात, त्यातून ८.०५ च्या फास्ट लोकलने जाणाऱ्याला हे जमणं कठीण, म्हणून तपासणी डिसेंबर-जानेवारीत उरकावी. सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयाच्या त्वचा विभागात आधी चौकशी केली तर खर्चही आटोक्यात राहतो. जाताना डायची पुडी किंवा कुंकवाची डबी सोबत न्यावी.

खाण्यातल्या रंगासाठी भरवशाची रक्ततपासणी नाही. डॉक्टरच्या देखरेखीखाली संशयित पदार्थ काही आठवडे बंद ठेवून पुन्हा सुरू करून पाहणं, एवढाच प्रामाणिक उपाय आहे. तरी स्टेशन रस्त्यांवरच्या लॅबच्या फलकांवर दोनशे-तीनशे पदार्थांच्या ‘फूड इन्टॉलरन्स’ पॅकेजांची जाहिरात दिसते. त्या तपासण्या बहुतेक आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजतात. ती प्रतिपिंडं तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच सांगतात, तो बाधतो असं नव्हे, आणि युरोपच्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच निदानासाठी ती वापरू नका असं सांगितलं आहे. तो रिपोर्ट हातात आला की घरातल्या पोराचं दूध, गहू, भुईमूग आणि केळं एका दिवसात बंद होतं आणि जिलेबीतला पिवळा रंग त्या यादीत नसतोच.